ताई, त्या वहीच्या पानासाठी थँक्यू

ताई,

हे खरं तर फोनवरच सांगणार होते, पण बोलायला लागलं की माझा गळा दाटतो आणि मग तुम्हीच मला समजावत बसता, म्हणून लिहूनच टाकते. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल. उलट वाचावंच.

तुमच्याआधी आम्ही तीन वर्षं व्यसनविरोधी कार्यक्रम केला, दर 26 जूनला. संयुक्त राष्ट्रांनी 1987 मध्ये हा दिवस ठरवला ही माहिती बॅनरवर, खाली कवटी, सिरिंज आणि प्रमुख पाहुण्यांचा फोटो. कवटीपेक्षा पाहुणेच मोठे! ते पाऊण तास उशिरा आले, ‘ड्रग्ज म्हणजे मृत्यू’ म्हणाले, पोरांना हात पुढे करायला लावून शपथ दिली, फोटो झाला, संपलं. मागच्या रांगेतली पोरं शपथ घेताना हसत होती, त्यात माझा धाकटा भाऊही होता, आणि तो तेव्हा घेत होता. हे मला आठ महिन्यांनी कळलं.

तो व्यसनमुक्ती सेंटरमधून परत आल्यावर मीच विषय काढला की यंदा तरी नीट काहीतरी करूया. तर मीटिंगमध्ये एक गृहस्थ (नाव घेत नाही, त्यांचं त्यांना कळेल) सरळ तोंडावर म्हणाले, ‘आधी स्वतःचं घर सांभाळा, मग दुसऱ्यांच्या पोरांना शिकवा.’ बाकीचे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. भाऊ दारात उभा होता, त्याने ऐकलं. त्या रात्री मी झोपले नाही, सारखी उठून त्याच्या खोलीत डोकावत होते.

आणि पुढच्या मीटिंगला तुम्ही आलात. बुके नको म्हणालात, पोस्टर उचललंत आणि विचारलंत, ‘हे नक्की कुणासाठी बनवलंय?’ कुणालाच सांगता येईना. मग तुम्ही म्हणालात की घाबरवून पोरं थांबत नाहीत, कारण दोनदा घेतलेला मित्र ठणठणीत फिरताना त्यांना रोज दिसतो, म्हणजे आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटतं आणि मग आपलं खरंही ती ऐकत नाहीत. अमेरिकेत 1983 पासून पोलीस शाळेत जाऊन शिकवायचे तो ‘डेअर’ कार्यक्रम, त्याचाही पुढे अभ्यासात फारसा फरक दिसला नाही. आणि 1998 ते 2004 मध्ये तिथल्या सरकारने एक अब्ज डॉलरच्या वर पैसे ओतून ड्रग्जविरोधी जाहिराती केल्या, तर ज्या पोरांनी त्या जास्त पाहिल्या त्यांना उलट वाटायला लागलं की सगळेच घेत असणार! आपल्या रॅलीचं काय घेऊन बसलात.

आइसलंडचं ऐकून तर मी गप्पच झाले. 1998 मध्ये तिथली 15-16 वर्षांची 42 टक्के पोरं सांगायची की गेल्या महिन्यात आम्ही पिऊन झिंगलो होतो, 2016 मध्ये हे 5 टक्क्यांवर आलं. तिथे भर होता पोरांच्या संध्याकाळी खेळात, संगीतात जाण्यावर आणि आईबापांनी त्यांच्यासोबत जास्त वेळ घालवण्यावर. यावर एकाने विचारलं, ‘म्हणजे बॅनर छापायचाच नाही का?’ तुम्ही हसला नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. भाऊ त्या दिवशीही दारातच होता. तुम्ही विचारलंत, ‘तुला काय वाटतं?’ आणि तो तिथूनच बोलला, की मला पहिल्यांदा दिलं तो काही पिक्चरमधला व्हिलन नव्हता, जवळचा मित्र होता, सगळे सांगायचे नाही म्हणा, पण मित्र तुटू न देता नाही कसं म्हणायचं हे कुणी शिकवलंच नाही. तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. लिहून झाल्यावर वही त्याच्याकडे फिरवलीत. ‘बरोबर लिहिलंय ना? तुझे शब्द आहेत, बघून घे.’

तो आत आला, वाकून वाचलं आणि हळूच म्हणाला, ‘व्यसनी मित्र नको, नुसतं मित्र लिहा.’ तुम्ही तो शब्द खोडलात, वर काही समजावलं नाहीत, लगेच खोडलात.

ताई, दीड वर्षात त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, मी तर सगळ्यात जास्त. त्याने सांगितलेलं कुणी लिहून घेतलं नव्हतं, बरोबर आहे का हे विचारणं तर लांबच. मी तिथे खुर्चीत बसून रडले ते तुम्हाला दिसलं असणार, तुम्ही बघितलं नाही असं दाखवलंत, त्याचेही आभार. माणूस चांगला आहे हे असं कशातून तरी कळतं, मोठमोठ्या पदांवरून नाही कळत.

बाकी प्लॅन तुम्हाला माहीतच आहे. एक दिवसाऐवजी दर आठवड्याचं सेशन, पालकांची बैठक वेगळी, आणि ‘नाही म्हणायचं कसं’ याची नाटुकली पोरंच बसवतायत, भाऊ त्यात मित्राचा रोल करतोय, देणाऱ्या मित्राचा. मला बघवत नाही पण तो म्हणतो हाच रोल मला जमतो. कधीकधी त्याचा दिवस वाईट जातो, ते आहेच.

शनिवारी येताना ती वही आठवणीने आणा, त्याला अजून दोन वाक्यं बदलायची आहेत.

तुमचीच,
त्याची ताई