आपल्या गाडीचे इंजिन ठरले आहे

तीर्थरूप आई व बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

आपल्या फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅनच्या इंजिनाचा निर्णय मी घेतला आहे आणि इथे ब्रिस्टलच्या गॅरेजला आगाऊ रक्कमही दिली आहे. बाबा, तुमच्या मनात डिझेल होते हे मला ठाऊक आहे. पण अँजिओप्लास्टीनंतर तुम्ही रात्री-रात्री जागून इंजिनांच्या जाहिराती चाळाव्यात, हे मला नको होते. म्हणून मी आधी ठरवले आणि आता सविस्तर लिहीत आहे.

बसणार आहे ते मूळच्याच जातीचे इंजिन, म्हणजे 1.9 लिटरचे, पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन, पूर्ण खोलून नव्याने बांधलेले. जुन्याची हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणे, तुम्ही किती निगुतीने बसवली होती, हे मी शेजारी टॉर्च धरून पाहिले आहे. तुमच्या कामात कसलीही उणीव नव्हती. या इंजिनांत हेड आणि पाण्याचे आवरण यांच्यामध्ये रबरी सील असते आणि कूलंट जुने झाले की त्या जागी हेडचे अ‍ॅल्युमिनियमच खाल्ले जाते. मग सील कितीही नवे घातले तरी पाणी गळतेच.

सुबारूच्या 2.2 लिटर इंजिनाचा मोह मलाही झाला. तेही चार सिलिंडरचे, तसेच आडवे, आणि आपल्या 78 हॉर्सपॉवरच्या तुलनेत कितीतरी ताकदवान. परंतु त्यासाठी इंजिनाखालचे तेलाचे भांडे कापून उथळ करावे लागते आणि सगळे वायरिंग नव्याने करावे लागते. पुढे कॉर्नवॉलमध्ये कुठे गाडी बंद पडली, तर ते वायरिंग उलगडणारा माणूस तुम्ही कुठे शोधणार? टीडीआय, म्हणजे फोक्सवॅगनचे टर्बो डिझेल, ॲव्हरेज नक्कीच चांगले देईल, पण ते तिरके बसवण्यासाठी वेगळे माउंट लागतात, आणि आवाज व थरथर थेट मागच्या बिछान्याखाली येते. आई, तुझ्या कमरेला ते सोसणार नाही. शिवाय गाडी 1984 ची आहे. चाळीस वर्षे उलटल्यामुळे तिला ऐतिहासिक वाहनाचा दर्जा मिळतो, त्यामुळे रोड टॅक्स नाही आणि यूलेझचा, म्हणजे हॅरोसकट लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना दिवसाला मोजाव्या लागणाऱ्या 12.50 पौंडांचा, भारही नाही. एमओटी या वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते, पण वेगळ्या जातीचे इंजिन घातले, तर त्या सुटीविषयी शंका काढली जाऊ शकते. मूळचेच इंजिन असले की हा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या सोयीचे सगळे मी पाहिले आहे. पुढच्या रेडिएटरपर्यंत जाणारे जुने प्लॅस्टिकचे पाइप काढून स्टेनलेस स्टीलचे घालायला सांगितले आहेत. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या येतील आणि इंजिनाच्या कप्प्यात आपोआप सुटणारे अग्निशामकही बसेल. या खर्चात गॅरेजवाल्याला काटकसर करू दिली नाही, कारण तुम्ही दोघे नेमके त्याच कप्प्यावरच्या फळीवर झोपता. स्कॉटलंडमधल्या ओबानहून परतताना मी त्याच फळीवर आईच्या शालीत गुरफटून पडायचे, खालून येणारी ऊब पाठीला लागायची, आणि बाबा गिअर बदलत असल्याचे झोपेतही कळायचे. ती ऊब मला हवी आहे, तुमच्यासाठी आणि थोडी माझ्यासाठीही.

आता कृपया वाद न घालता ऐका. पहिले हजार किलोमीटर इंजिनावर जोर द्यायचा नाही. उत्तरेकडे जाताना लागणाऱ्या शॅपच्या चढावर ट्रक पुढे गेले तर जाऊ द्या. त्यानंतर तेल मी येऊन बदलेन. बाबांनी गाडीखाली शिरायचे नाही. पेट्रोल कमी इथेनॉलचे ई-5 सुपरच भरायचे, दोन पेन्स वाचवण्यासाठी जास्त इथेनॉलचे ई-10 नाही. कूलंट फॉस्फेटविरहितच, आणि दर दोन वर्षांनी बदलायचे. सुमारे 17 लिटर लागते, म्हणून नुसते नळाचे पाणी घालून वेळ मारून नेऊ नका. एमओटी सक्तीची उरली नसली तरी ती दरवर्षी करायची आहे. आणि आई, तापमानाच्या काट्याकडे तूच लक्ष ठेव. बाबा बोलण्याच्या नादात पाहत नाहीत.

लॉगबुक, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, कपाटातल्या निळ्या फायलीत असेल. ते या आठवड्यात मला पाठवा, कारण इंजिनाचा नवा क्रमांक डीव्हीएलएला, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयाला, आणि विमा कंपनीला माझ्याकडूनच कळवून टाकते.

तुमची,
मनू