तुझ्या वर्षभराबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल आलं आणि रात्री दोनदा वाचलं. पहिल्या पानावरचा आनंद माझ्यापर्यंत पोचला, दुसऱ्या पानावरचा रागही पोचला. कॅथलिक व्हायचं ठरवून तू फादरांना भेटलास आणि त्यांनी सांगितलं, पुढच्या ईस्टरपर्यंत दर आठवड्याला येत जा. तुझ्या ऑफिसातल्या त्या बाईंना मात्र दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, दोन महिन्यांत घेतलं. ‘मी काय कमी पडलो?’ असं तू विचारतोस. तू कमी पडलेला नाहीस. त्यांची वाट आणि तुझी वाट मुळातच वेगळी आहे, आणि हे तुला आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

त्या बाई आधीपासून ख्रिस्ती होत्या, दुसऱ्या पंथाच्या, असं तूच लिहिलंयस. सगळं तिथेच आलं. पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने नीट झालेला बाप्तिस्मा दुसऱ्या पंथात झाला असला तरी कॅथलिक चर्च तो खरा मानतं, आणि खरा बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देता येत नाही. त्यामुळे त्या दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या, नव्हत्याच. अशा माणसांना चर्चच्या पूर्ण सहभागितेत घेण्याचा विधी वेगळा आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात म्हटलंय तसं, जरुरीपेक्षा जास्त ओझं त्यांच्यावर टाकू नये, हे त्यामागचं तत्त्व. किती शिकायचं हे त्या माणसाला आधी किती येतं त्यावर ठरतं. पापनिवेदन करायचं, सगळ्यांबरोबर विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचं ठरलेलं सूत्र, म्हणायचा, मग पवित्र कॅथलिक चर्च जे देवाने प्रकट केलेलं म्हणून मानतं, शिकवतं आणि जाहीर करतं ते सारं मी मानतो, असं एक वाक्य. त्यानंतर दृढीकरण, म्हणजे पवित्र तेल लावून श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेत मिळणारी पवित्र भाकर. ईस्टरची वाट पाहायचीही गरज नाही.

हे मला इतकं पाठ आहे, कारण माझ्या बाबतीत ते चुकलं होतं. तुला ही गोष्ट मी कधी पूर्ण सांगितली नाही. माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांचा असताना झाला. आईने दाखला एका जुन्या पाकिटात जपून ठेवला होता. मी कॅथलिक व्हायला गेलो तेव्हा तिथल्या शिकवणाऱ्यांनी तो दाखला न बघताच मला बाप्तिस्मा न झालेल्यांच्या गटात बसवलं. वर्षअखेरीला ईस्टरच्या यादीत माझं नाव बाप्तिस्म्यासाठी आलं. आईला कळलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, “मग मी तुला घेऊन गेले होते ते काय होतं?” मला उत्तर सुचलं नाही. नवीन आलेल्या फादरांनी दाखला मागवून घेतला, नाव खोडलं, आणि दोन आठवड्यांनी एका साध्या रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मला घेतलं. आई पहिल्या बाकावर होती. म्हणून सांगतो, कुणाच्याही बाबतीत पहिला प्रश्न हाच असावा: बाप्तिस्मा झालाय का, आणि दाखला कुठे आहे?

तुझा झालेला नाही. तेव्हा तुझी वाट दीक्षार्थ्याची, आणि ती फार जुनी आहे. तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलितसच्या नावावर चालत आलेल्या एका नियमग्रंथात दीक्षार्थ्याने तीन वर्षं वचन ऐकावं असं म्हटलंय. पण लगेच पुढे असंही आहे की माणूस मनापासून झटत असेल तर काळ मोजू नये, त्याची वागणूक पाहावी. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या दोन वाक्यांत सापडतं. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये बिशप किरिल ईस्टरआधीच्या उपासकाळात उमेदवारांना शिकवत. पुढे मोठा संत ठरलेल्या ऑगस्टिनला तर लहानपणीच दीक्षार्थी म्हणून नोंदलेलं होतं, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला ३८७ च्या ईस्टरच्या रात्री, मिलानमध्ये, तिथल्या बिशप अ‍ॅम्ब्रोजच्या हातून. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

पुढे बहुतेक बाप्तिस्मे तान्ह्या बाळांचे होऊ लागले आणि ही सगळी व्यवस्था मोडून पडली. प्रौढ माणूस आलाच तर एका फादरांसमोर बसून प्रश्नोत्तरी शिकायचा. ही दुसरी वाट, एकट्याची, शतकानुशतकं चालली, आणि तिला मी कमी लेखणार नाही. एडिथ स्टाइन त्याच वाटेने आली. तत्त्वज्ञानाची डॉक्टर, स्वतःच प्रश्नोत्तरी आणि मिस्साचं पुस्तक अभ्यासून फादरांकडे गेली, आणि १ जानेवारी १९२२ ला तिचा बाप्तिस्मा झाला. तिची गोष्ट ऐकली की तुला वाटणार, मग मला का नाही? तूही सगळा धर्मशिक्षणग्रंथ वाचून काढलायस, २८६५ परिच्छेद, टिपा काढून. मला त्याचं कौतुक आहे, खरंच.

पण चर्चने मधल्या काळात विचार बदलला. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात सांगितलं की प्रौढांची दीक्षा पुन्हा टप्प्याटप्प्याने व्हावी. आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच लांब दीक्षाकाळ सुरू केला होता, तो अनुभव हाताशी होता. १९७२ मध्ये नवा विधी आला. तुझ्या फादरांनी जे सांगितलं ते त्याच विधीप्रमाणे. त्यात चार काळ आहेत. आधी चौकशीचा, ज्यात तू आत्ता आहेस आणि ज्यात तुझ्यावर कसलंही बंधन नाही. मग दीक्षार्थ्यांत स्वीकार होतो आणि खरं शिक्षण सुरू होतं, तो काळ कितीही लांबू शकतो. मग उपासकाळातलं शुद्धीकरण. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद, तिन्ही एकाच वेळी. आणि शेवटी पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणापर्यंतचे, आठवडे, जे मिळालं ते समजून घेण्याचे. हा शेवटचा काळ बऱ्याच ठिकाणी उरकला जातो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. लग्न लागलं की मांडवातून सगळे निघून जावेत तसं होतं ते.

दीक्षार्थी झालास की मिस्सात प्रवचनानंतर तुम्हा सगळ्यांना बाहेर पाठवतील. ख्रिस्तप्रसादाच्या भागाला तुम्ही नसाल. पहिल्यांदा हे मनाला लागतं. पण ज्या भोजनाला अजून बसता येत नाही त्याच्याकडे नुसतं बघत राहण्यापेक्षा, नुकतंच ऐकलेलं वचन घेऊन एकत्र बसावं, असा त्यामागचा हेतू आहे. आणि या काळातही तू चर्चचा परका नसतोस. दीक्षार्थी बाप्तिस्म्याआधी वारला तर त्याचा अंत्यविधी चर्च आपल्या माणसासारखाच करतं.

मी त्या गटात चुकून बसलो होतो, तरी ते वर्ष मला परत द्यावंसं वाटत नाही. उपासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी उमेदवारांचे परीक्षणविधी, म्हणजे पापापासून सुटकेसाठी प्रार्थनेचे विधी, होतात, आणि त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातले तीन भाग ठरलेले आहेत: विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, लाजरस. आमच्यात एक आजोबा होते, वाचता न येणारे. शोमरोनी बाईचा भाग ऐकल्यावर ते म्हणाले, “पाणी न्यायला आली होती आणि घागर तिथंच टाकून गेली.” मी तो अध्याय किती वेळा वाचला होता! ती घागर मला कधी दिसलीच नव्हती. एकट्याने फादरांसमोर बसलो असतो तर माझे प्रश्न माझ्याच डोक्यातून आले असते. तुझ्याबद्दलही मला भीती तीच आहे. तुझं वाचन एवढं आहे की तुझ्यासमोर बसणारा तुला उत्तरं देत राहील, आणि तुला कुणाचं ऐकत बसावं लागणार नाही.

अर्थात गट नेहमी चांगलाच असतो असं नाही. काही ठिकाणी सगळ्यांना एकाच वर्गात कोंबतात. लहानपणी बाप्तिस्मा होऊन पुढे काहीच न शिकलेला कॅथलिक, दुसऱ्या पंथातून आलेली बाई, आणि तुझ्यासारखा अगदी नवा, या तिघांची गरज तीन तऱ्हेची. वर्ग पोकळ वाटला तर फादरांना मोकळेपणाने सांग आणि जोडीला त्यांच्याशी वेगळं बसायची वेळ माग. दोन्ही वाटा एकत्र चालू शकतात. आजारपण, सततचा प्रवास अशी खरी अडचण असेल तर बिशपांच्या परवानगीने विधी आटोपशीरही होतो, आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाला तर मुख्य सत्यांची थोडी ओळख, इच्छा आणि पुढे तसं जगण्याचं वचन एवढ्यावर बाप्तिस्मा मिळतो. तुझी अडचण यातली नाही. तुला फक्त घाई झालीय.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती पुढच्या भेटीतच फादरांना सांग. तुझं पहिलं लग्न. ते कॅथलिक पद्धतीने झालं नव्हतं म्हणून चर्चला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, असं तू धरून चालला आहेस. तसं नाही. बाप्तिस्मा न झालेल्या दोघांचं लग्नही चर्च खरं लग्न मानतं, आणि घटस्फोटाने ते संपलं असं धरत नाही. तू आता दुसऱ्यांदा संसार मांडलायस, त्यामुळे हे आधी तपासलं जाईल. काही प्रकरणांत पहिलं लग्न मुळात वैध नव्हतं असं ठरतं. काहींत प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रावर आधारलेली एक वेगळी तरतूद लागू होते. तुझं काय होईल ते कागद बघितल्यावरच कळेल, आणि वेळ लागेल. शिक्षण त्यासाठी थांबत नाही, पण बाप्तिस्म्याला थांबावं लागू शकतं. ईस्टरच्या चार आठवडे आधी हे कळून कोलमडलेली माणसं मी पाहिली आहेत. तुझ्या बायकोलाही हे आजच सांग, तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

आणि तू शेवटच्या ओळीत, जणू सहज, विचारलंस की मी तुझा धर्मपिता होईन का. हो. सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेला, तुझा बाप नसलेला, एवढ्या अटी तर मी पुऱ्या करतो. श्रद्धेने जगणारा असावा ही अट राहिली, तिच्यासाठी माझ्याकडेही हे वर्ष आहे. परीक्षणविधीत धर्मपिता उमेदवाराच्या खांद्यावर उजवा हात ठेवून उभा असतो, तिथे मी असेन. त्याआधी उपासकाळाच्या सुरुवातीला निवडीचा विधी असतो. त्यात सगळ्यांसमोर मला विचारतील की या माणसाने देवाचं वचन मनापासून ऐकलंय का आणि तो त्याप्रमाणे चालायला लागलाय का. मला खरं उत्तर द्यावं लागेल. म्हणून दर आठवड्याला वर्गातून आलास की त्याच रात्री मला लिही, राग आला असेल तर तोही लिही.

तुझाच