मिस्त्रीभाऊ, ओटा बरोबर बसला

मिस्त्रीभाऊ,

नमस्कार. घर आणि स्वयंपाकाचा ओटा बांधून दिल्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ठीक हाये वहिनी, ठीक हाये" म्हणता आणि फोन ठेवून देता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. तुमचा मुलगा मोबाईलवर वाचून दाखवील, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

आमच्याकडे दर दिवाळीला नातेवाइकांना पत्रं लिहायची रीत आहे. ह्यांच्या काटोलच्या आत्याबाईंना फोनवरचं धड ऐकू येत नाही, तिथून ती सुरू झाली. लक्ष्मीपूजन आटोपलं की पन्नास पैशांची पोस्टकार्डं घेऊन आम्ही दोघं बसतो. हे सांगतात, मी लिहिते. ह्यांचं सांगणं म्हणजे "इकडे सर्व ठीक, तिकडे ठीक असावे." बाकीचं कार्ड मलाच भरावं लागतं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी भर म्हणून एक ओळ घातली, 'पुढच्या दिवाळीला आमच्या स्वतःच्या घरी या.' ती ओळ मग दरसाल जायला लागली. आत्याबाईंनी एकदा उलट टपाली विचारलं, "घर बांधता का किल्ला?"

खरं तर घर मनात कधीचं बांधून झालं होतं, फक्त दोघांच्या मनातलं वेगवेगळं होतं. लग्नानंतर आम्ही सेवाग्रामला बापू कुटी बघायला गेलो. मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठवलेली शिंदीची झाडं मी बघत होते आणि हे वर छताकडे. तेव्हापासून ह्यांना कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर हवं. उन्हाळ्यात थंड राहतं हे मलाही मान्य आहे. पण आमच्याकडे वानरांची टोळी एकदा वरून गेली की निम्मे कवेलू खाली, आणि ते फेरून देणारी माणसं आता शोधून सापडत नाहीत. मला स्लॅब पाहिजे होता. स्लॅबवर तूर वाळते, मिरच्या वाळतात, मे महिन्यात झोपता येतं. भाड्याच्या खोलीत ह्यावर इतकी भांडणं झाली की घरमालकीणबाई मध्ये पडायच्या. त्यांचं मत स्लॅबला होतं.

शेवटी घरकुल मंजूर झालं. त्याचे १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्यानं, वर आमच्या कपाशीचे आणि ह्यांच्या जिनिंगमधल्या पगारातून मागं टाकलेले. म्हणजे किती जपून चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या आधी जे ठेकेदार साहेब आले होते, त्यांचं नाव घेत नाही. गळ्यात चेन, खिशात दोन फोन. मी काही विचारलं की उत्तर ह्यांच्याकडे बघून द्यायचे. स्वयंपाकघराची खिडकी कुठं येईल असं मी विचारलं, तर म्हणाले, "दादा, वहिनींना सांगा, ते आमच्यावर सोडा." आम्ही सोडलं. त्यांनी ॲडव्हान्स घेतला, गुडघाभर चर खोदून दोन ट्रॉली रेती टाकली आणि एक दिवस मजूर घेऊन गेले ते गेलेच. मृगाचा पाऊस आला तेव्हा आमच्या पायाच्या चरात बेडकं ओरडत होती. जाणारा-येणारा थांबून सल्ला द्यायचा. एकानं तर मासे पाळा म्हटलं.

तुम्ही आलात तेव्हा पहिल्यांदा काय केलंत ते मला आठवतं. चरात उतरलात, बुडाची मूठभर माती उचलून बोटांनी चोळलीत आणि म्हणालात, "हे काळीच हाये अजून." आमची ही काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया तिच्यातच राहिला तर दोन-चार वर्षांत भिंतीला तडा ठरलेला. कपाशी लावणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण घर बांधायला घेताना आम्हाला ते कोणी बोललं नव्हतं. मुरूम लागेपर्यंत तुम्ही खाली गेलात. खर्च वाढला. तो किती वाढेल हे तुम्ही खोदायच्या आधी सांगितलंत आणि तेवढाच वाढला. पुढचं बांधकाम, हप्त्यासाठी काढलेले फोटो, सिमेंटची टंचाई, हे सगळं गावाला माहीत आहे. ते लिहीत बसत नाही.

मला लिहायचंय ते ओट्याबद्दल.

त्या दिवशी मी डबा घेऊन आले होते. स्वयंपाकखोलीत तुम्ही कोऱ्या विटांच्या दोन थप्प्या रचून ठेवल्या होत्या, सिमेंट न लावता, आणि त्यांवर सेंट्रिंगची फळी आडवी टाकली होती. मला म्हणालात, "वहिनी, पोळपाट-लाटणं आना बरं." मला वाटलं गंमत करताय. रेजा, म्हणजे कामावरच्या बायका, हसायला लागल्या. मी खोलीवर जाऊन घेऊन आले, सोबत मळलेल्या कणकेचा गोळाही आणला. तुम्ही म्हणालात, लाटा. सगळ्यांसमोर, डोक्यावर छत नाही, भिंतीला गिलावा नाही, आणि मी पोळी लाटते आहे! तुम्ही बाजूला उभे राहून माझ्या खांद्याकडे बघत होतात. मग फळी उचलून वरच्या विटा काढल्यात, खाली कवेलूचे तुकडे सरकवलेत, पुन्हा लाटायला लावलंत. "हात वर राह्यला तं खांदा दुखन, खाली राह्यला तं कंबर," असं म्हणत कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारलीत. लेव्हलच्या नळीनं ती रेघ खोलीभर फिरवलीत.

माझी उंची चार फूट नऊ इंच. माहेरी, सासरी, भाड्याच्या खोलीत, जिथं जिथं ओटा होता तिथं मी टाचा उचलून भाकरी थापली आहे. ओटा बत्तीस इंच असतो, असं ठेकेदारांनी सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं होतं, कारण ओट्याची उंची आपल्याला बदलून मिळू शकते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. हे त्या दिवशी ड्युटीवर होते. संध्याकाळी ह्यांनी ती रेघ बघितली आणि विचारलं, "एवढा खाली कामून?" तर तुम्ही म्हणालात, "घर मी बांधतो, पन इथं उभं तं वहिनीले राहाचं हाये."

आपल्या राज्यात २००३ पासून गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावायचा निर्णय आहे. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नमुना ८ वर, माझं नाव ह्यांच्या नावाखाली आहे आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण घर माझंही आहे असं मला खरोखर वाटलं ते त्या विटांच्या थप्प्यांपाशी, हातात लाटणं घेऊन.

आमच्या भागात माणसं वाईट नाहीत. लग्नाला, मयतीला, आगीला सगळा गाव धावून येतो. कठीण असतं ते रोजचं काम नीट करणं, कुणी बघत नसताना, आणि ज्याच्यासाठी करतो आहे त्याला एकदा विचारून. असे लोक मी मोजकेच बघितले. लाईट आल्यावर लांबून आलेल्या म्हातारीचा डबा आधी दळून देणारा आमचा चक्कीवाला त्यातला. शाळेच्या मुली धावत येताना दिसल्या की घंटी न वाजवता थांबणारे एक कंडक्टर होते, ते बदलून गेले. आता त्यात तुम्ही. चेनवाले साहेब मला मागच्या बाजारात दिसले होते. त्यांनी मान फिरवली, मी नाही फिरवली.

यंदा आत्याबाई दिवाळीला आल्या. त्यांची उंची माझ्याइतकीच, कदाचित बोटभर कमी. त्यांना खोल्या दाखवल्या, स्लॅब दाखवला, कशाचं काही बोलल्या नाहीत. ओट्यापाशी मात्र थांबल्या, दोन्ही तळवे कडाप्प्यावर टेकले आणि विचारलं, "हा कोनं बांधला?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यांच्या पुतण्याला काटोलला घर बांधायचं आहे, तेव्हा तिकडून फोन येईल. नंबर मी दिला आहे.

मागच्या भिंतीचा गिलावा अजून राहिला आहे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कपाशीची पूजा, झाली, वेचणी सुरू आहे, कापूस विकला की ते काम काढायचं आहे. दोन जण विचारून गेले, त्यांना नाही म्हटलं. तुम्ही कधी मोकळे होताय ते कळवा, आणि रोजी वाढली असेल तर तीही आधीच सांगून ठेवा.

तुमची,
ओटेवाली वहिनी