कुत्रं ऐकत नाही, कारण हाकेची किंमत आपणच घालवलीय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी गोदापार्ककडे फिरायला गेले होते. एक धिप्पाड लॅब्राडोर दोरीसकट मालकाच्या हातातून सुटला आणि मालक मागून "रॉकी, रॉकी, अरे रॉकी, ए रॉक्या" करत पळतायत, मी मोजलं नाही पण वीसेक हाका तरी झाल्या असतील, आणि त्या पठ्ठ्याने एकदाही मान वळवली नाही. शेवटी एका आजोबांच्या अंगावर उडी मारली तेव्हाच थांबला. चावला बिवला नाही, लाडातच आला होता, पण आजोबा बसले ना धपकन खाली. मग नेहमीचं भांडण, अर्धे लोक म्हणतात कुत्री आणूच देऊ नका, मालक म्हणतात तो फ्रेंडली आहे हो, आणि रॉकी मधे उभा राहून शेपूट हलवतोय.

मी कुत्रेवाल्यांच्या बाजूची आहे, आमच्या घरी पण एक आहे, तरी त्या दिवशी मला राग आला तो मालकाचाच. म्हणून हे पत्र.

आमची चिंगी देशी, चार वर्षांपूर्वी पावसात पार्किंगमधे स्कूटरखाली सापडली. पहिलं वर्ष आमचंही असंच गेलं. माझी चिंगी, मिस्टरांची चिंगे, सासूबाईंची चिंगूबाई, मुलाची चिन्नी, आणि नाव घ्यायचं कधी तर अंघोळीला ओढताना, चप्पल चावली म्हणून रागवताना, नाहीतर फिरणं संपवून घरी नेताना. मग तिने का बघावं? नाव कानावर आलं म्हणजे आता काहीतरी नकोसं होणार एवढंच तिला कळलेलं. तेव्हा एक ट्रेनर लावला, त्याने गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घातली आणि बघितलं नाही की दे झटका. आठ दिवसात ती त्याच्याकडे बघायला लागली हे खरंय, पण कशी तर कान पाडून, शेपूट पायात घालून. पैसे गेले ते गेले, नंतर महिनाभर कोणी गळ्याकडे हात नेला की ती मागे सरकायची.

मग मुलीने माहिती काढली आणि आम्ही स्वयंपाकघरातून नव्याने सुरू केलं. सगळ्यांनी एकच नाव घ्यायचं आणि एकदाच घ्यायचं. तिने बघितलं की त्याच क्षणी "येस" म्हणायचं आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, घरात चालत नसेल तर पनीर. ते "येस" उगाच नाही बरं का, कारण पिशवीतून तुकडा काढेपर्यंत दोन सेकंद जातात, तेवढ्यात ती खिडकीतल्या कबुतराकडे बघते आणि बक्षीस कबुतराच्या नावावर जमा होतं. पावलोव्हच्या कुत्र्यांचं शाळेत शिकलोय आपण, खाण्याआधीचा ठरलेला आवाज ऐकला की लाळ सुटायची, तसंच "येस" ऐकलं की तिला कळतं, जमलं, आता खाऊ येतोय. आणि नाही बघितलं तर परत हाक मारायची नाही! हे सगळ्यात अवघड गेलं, सासूबाईंना तर फारच, त्या तोंडावर पदर धरून बसायच्या. ओठांनी पुच पुच करायचं किंवा आपणच दोन पावलं मागे जायचं, वळली की येस. दिवसातून दोन तीनदा, तीन मिनिटं, जेवणाआधी, आणि तेवढं तिच्या जेवणातून कमी.

किचनमधे जमलं म्हणून रस्त्यावर जमेल असं नाही, इथेच लोक फसतात आणि कुत्र्याला हट्टी म्हणतात. जागा बदलली की त्याच्यासाठी धडा नवा. आधी जिना, मग पार्किंग, मग गल्ली, गंगापूर रोडची गर्दी सगळ्यात शेवटी. दुसरं कुत्रं दिसलं आणि तिने नाकासमोरचं चिकनसुद्धा घेतलं नाही तर समजायचं आपण फार जवळ आलोय, मागे फिरायचं.

एक सकाळ सांगते. पार्किंगमधल्या कडुनिंबावर खार. चिंगी पुढचा एक पाय उचलून तशीच, नाक थरथरतंय. मी हळूच एकदा म्हटलं, चिंगी. आधी फक्त डावा कान माझ्याकडे वळला. बाकी काही नाही. मी गप्प. खार वर गेली आणि मग चिंगीने मान वळवून असं बघितलं की बोल, काय म्हणतेस. त्या दिवशी एकेक करून पाच तुकडे दिले.

आणखी एक चूक सगळेच करतात, मैदानात कुत्र्याला बोलावतात ते फक्त दोरी लावून घरी न्यायला. म्हणजे जवळ गेलं की मजा संपली, मग कोण येईल? दहादा बोलवा, नऊदा खाऊ देऊन परत सोडा. पण हे पक्कं होईपर्यंत सोडा म्हणजे मोकळं नाही हं, वीस तीस फुटी लांब दोर लावूनच.

खाऊवरून आठवलं. आपल्याकडे द्राक्षं, बेदाणे घरोघरी, आणि प्रेमाने चार बेदाणे कुत्र्याला देणारे मी पाहिलेत. नका देऊ, किडन्या जाऊ शकतात. कांदा लसूण पण नाही, त्याने रक्त कमी होतं. म्हणजे पिंपळगावची द्राक्षं आणि लासलगावचा कांदा दोन्ही बंद! चॉकलेट तर नाहीच. आणि गणपतीच्या आधी ढोल पथकांची प्रॅक्टिस जोरात असते तेव्हा नदीकाठी नेऊन "माझ्याकडे बघ" शिकवायचा हट्ट नको, भेदरलेलं कुत्रं काही शिकत नाही.

फिरणाऱ्यांनाही विनंती, दुसऱ्याच्या कुत्र्याला लांबून चुक चुक करून बोलावू नका हो. आम्ही महिनाभर जे जमवतो ते तुम्ही एका मिनिटात घालवता.

रॉकीचे मालक परवा परत दिसले. दोरी यावेळी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट, दुसऱ्या हातात मोबाईल. रॉकी चालता चालता मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता, माझ्यासमोर तीनदा बघितलं त्याने, आणि साहेब मोबाईलमधे. पत्र छापलंत तर बरं होईल, त्यांच्या स्कूटरला आपलाच पेपर अडकवलेला होता.

आपली एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक