अण्णांनी बघितलेली मुंबई

प्रिय सत्या,

अण्णा-काकूंना काल रात्री लातूर एक्स्प्रेसला बसवून आलो, दोन्ही बर्थ खालचे मिळालेत, काळजी करू नको. तू फोनवर विचारलंस काय काय बघितलं तेव्हा स्टेशनवर इतका कलकलाट होता की धड काही सांगता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहायला बसलोय.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. काकूंना पेंग्विन बघायचे होते आणि राणीची बाग बुधवारी बंद असते हे माझ्या डोक्यातूनच गेलं, भायखळ्याला गेटवर पोचल्यावर कळलं. काकू काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं रे. मग तिथूनच टॅक्सी करून मलबार हिल गाठलं. कमला नेहरू पार्कातून मरीन ड्राइव्ह दाखवला, म्हातारीच्या बुटापाशी काकूंचा फोटो काढला (पाठवलाय, बघ) आणि समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये जरा टेकलो. झुडपं कापून केलेले प्राणी बघून अण्णांना विशेष काही वाटलं नाही. मी सहज म्हटलं, अण्णा, ही बाग पाण्याच्या टाकीवर आहे बरं का, खाली केवढा तरी जलाशय आहे, इंग्रजांच्या काळातला, आणि दक्षिण मुंबईला अजून इथून पाणी जातं. अण्णा गप्पच झाले. मग उठले, चपला काढून बाकाखाली ठेवल्या आणि अनवाणीच फिरायला लागले. मी म्हटलं अहो खडे टोचतील, तर म्हणाले, "आरं लेकरा, पायाखाली पाणी हाय म्हणतोस, मग चपला घालून कसं फिरावं?"

सत्या, मी दादरला वाढलो, त्या बागेत लहानपणापासून किती वेळा गेलो असेन, पण आपण पाण्यावर चालतोय हे कधी मनातही आलं नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला तुमच्याकडे पाणी आणत होते तेव्हा तू रोज फोनवर सांगायचास, घागरींची रांग, टँकरची वाट बघणं, आणि मी नुसतं हं हं करायचो. ते सगळं परवा तिथे उभ्या उभ्या आठवलं.

मग वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो आणि तिथे चांगले दोन तास बसलो. दोन्ही अंगाला जुन्या दीपमाळा, खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, पाण्यात बदकं, आणि एका कोपऱ्यात कोणाचं तरी पिंडदान चाललेलं. काकूंना गोष्ट माहीत होती, सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली, बाण मारून पाणी काढलं, आणि वाळूचं लिंग केलं म्हणून वाळुकेश्वर. तळं बांधलं शिलाहारांच्या काळात, 1127 मध्ये, देऊळ पडल्यावर पुन्हा उभं राहिलं ते 1715 ला. अण्णांचं मात्र गोष्टीकडे लक्षच नव्हतं. ते सारखे मागे वळून समुद्र किती लांब आहे ते बघत होते, आणि तो तर हाकेच्या अंतरावर! शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि काकूंना हाक मारली, "अगं, गोडं हाय!" खालच्या झऱ्याचं पाणी आहे म्हणून गोडं. पुन्हा एकदा बोट बुडवून त्यांनी खात्री केली, मला पोटाची काळजी, पण अडवायला मन होईना.

गुरुवारी पहाटे सिद्धिविनायक केला, रांग कमी होती, काकूंचं दर्शन मनासारखं झालं. तिथून बोरिवली, नॅशनल पार्क, कान्हेरीची लेणी. पाऊस नुकताच संपलाय म्हणून डोंगर हिरवागार. चैत्यातल्या बुद्धाच्या उंच मूर्ती बघून काकू हात जोडून उभ्या राहिल्या, आणि अण्णा कुठे तर बाहेर, पोढीत वाकून बघतायत. लेण्यांजवळ खडकातच पाण्याची टाकी खोदलीत ना, त्यांना पोढी म्हणतात, आणि पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून कातळात बोटभर पन्हळी कोरल्यात. अण्णा एका पन्हळीवरून बोट फिरवत फिरवत पार वरपर्यंत चढले, उतार कुठून कुठे दिलाय ते बघत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी दान म्हणून पोढ्या खोदून दिल्या आणि तसं शिलालेखात लिहून ठेवलंय हे सांगितल्यावर म्हणाले, "ह्याला म्हणावं दान."

पवईला जायला नको होतं असं आता वाटतं. संध्याकाळी गेलो, उजेड छान होता, पण तळ्यात जलपर्णी माजलेली आणि वास येत होता. हे तळं 1890 च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी केलं होतं, आता ते पाणी प्यायच्या लायकीचं नाही, हे सांगताना मलाच लाज वाटली. अण्णांनी विचारलं मग तुम्ही पिता कुठलं? मी म्हटलं तुळशी आणि विहार तलाव आहेत, पण ते थोडंसंच, बाकी तानसा, भातसा, शंभरेक किलोमीटरवरून येतं, शहापूरकडून. "मग शहापूरवाल्यांना पुरतं का?" आता काय सांगू, धरणं त्यांच्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. खरं तेच सांगितलं. अण्णा नुसतं "हं" म्हणाले, पण तो हं तुला माहितीये कसा असतो. रात्री जेवताना त्यांनी आमच्या पोरीला तांब्यात उरलेलं पाणी तुळशीला घालायला लावलं आणि तिने ते लगेच ऐकलं, माझं कधी ऐकत नाही.

काल टॅक्सीने स्टेशनला येताना धोबी तलावची पाटी दिसली तर अण्णा काचेतून दोन्हीकडे बघायला लागले, तळं कुठाय म्हणून. बुजवलं अण्णा, म्हटलं. गोवालिया टँक, सी. पी. टँक, सगळी तशीच, नावं तेवढी राहिलीत.

काकूंनी आणलेली तूरडाळ अप्रतिम शिजते, आईने खास कळवायला सांगितलंय. आणि पेंग्विन राहिलेच आहेत, तेव्हा तुझे परीक्षेचे पेपर तपासून झाले की दोघांना घेऊन तूच ये, बुधवार सोडून कधीही.

तुझा,
बंड्या