तीन खडक, तीन दिवस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

व्हर्जिनियातल्या ट्रिपल क्राउनचा, म्हणजे तीन नावाजलेल्या खडकांच्या पायी फेरीचा, तुझा बेत वाचला. ऑक्टोबर निवडलास ते छान, पण दोन दिवसांत पूर्ण गोल मारायचा हट्ट सोड. ड्रॅगन्स टूथ, मॅकॅफी नॉब आणि टिंकर क्लिफ्स हे तिन्ही खडक अ‍ॅपलेशियन ट्रेल या अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर किंवा तिला अगदी लागून आहेत. गोल पुरा करण्यासाठी मात्र नॉर्थ माउंटनच्या धारेवरून तेराएक मैल चालावं लागतं आणि त्या धारेवर पाणी नाही. एवढी तंगडतोड करून हाती चौथा खडकही लागत नाही! त्यापेक्षा ट्रेल धरून उत्तरेला जा आणि डेलव्हिल गावाला उतर. अंतर साधारण ३० मैल, दिवस तीन, मुक्काम दोन. गाडी आधीच डेलव्हिलला लावून ठेव आणि कुणाला तरी सांगून ३११ नंबरच्या रस्त्यावर, ड्रॅगन्स टूथच्या पार्किंगला सोडून घे. उलट्या दिशेने आलीस तर शेवटच्या दिवशी, पाय बोलायला लागलेले असताना, सगळ्यात अवघड खडक उतरावा लागेल.

पार्किंगपासून दीड मैल, खुणेसाठी रंगवलेल्या निळ्या पट्ट्यांची वाट आहे. ती लॉस्ट स्पेक्टॅकल्स गॅप या खिंडीत मुख्य ट्रेलला मिळते. (इथल्या वाटा शोधणाऱ्या टॉम कॅम्पबेलचा चष्मा या खिंडीत हरवला, म्हणून हे नाव.) मुख्य ट्रेलची खूण म्हणजे दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरा पट्टा. एकावर एक दोन पट्टे दिसले की वाट वळते आहे असं समजायचं. ड्रॅगन्स टूथच्या सुळक्यासाठी खिंडीतून पांढऱ्या पट्ट्यांवरूनच दक्षिणेला वळायचं, म्हणजे तुझ्या पुढच्या वाटेच्या बरोबर उलट. अंतर जेमतेम पाऊण मैल, पण वेळ तिथेच जातो. कातळाच्या पायऱ्या, अरुंद कंगोरे, मध्ये दगडात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या. पट्टे झाडांवर कमी आणि खडकावर जास्त असल्यामुळे नजर खाली ठेवावी लागते. धारेवर पोचलीस की शेवटचा तुकडा पुन्हा निळ्या पट्ट्यांचा.

खिंडीतच काठ्या दुमडून सॅकमध्ये घाल, दोन्ही हात मोकळे हवेत. मॅट, बाटली, कप असलं काही बाहेर लटकत ठेवू नकोस. अरुंद जागेत मॅट कातळाला घासते आणि तोल नेमका दरीच्या बाजूला जातो. जड सामान पाठीला चिकटून, खांद्यांच्या पातळीत भर. सॅक खिंडीत ठेवून वर जायचा मोह होईल, पण आत खाणं असेल तर अस्वलाला आमंत्रणच. हलवायचा तो एकच हात किंवा एकच पाय, बाकी तिन्ही पक्के टेकलेले. चढताना बहुतेक जण नीट चढतात. चुकतं ते उतरताना, कारण दरीकडे तोंड करून बसत-घसरत येतात आणि पुढची पायरी पायाखाली दिसतच नाही. तू कातळाकडे तोंड कर आणि शिडी उतरतो तशी उतर. हा खडक टस्करोरा क्वार्टझाइटचा. कोरडा असला की बूट झकास धरतो, पण दगडफूल भिजलं किंवा वर ओली पानं पडली की भरवसा नाही. ऑक्टोबरात पानं असणारच, म्हणून पाय टाकण्याआधी ती बुटाने बाजूला सार. रात्री पाऊस झाला असेल तर उन्हाने कातळ सुकेपर्यंत पार्किंगलाच थांब. सुळक्याच्या टोकावर चढायलाच हवं असं नाही, त्याच्या बुडाशी उभं राहूनही कॅटॉबाचं खोरं दिसतं.

तिथून खिंडीत परत येऊन उत्तरेला लागायचं. ६२४ नंबरच्या रस्त्यापर्यंत उतार, मग पुन्हा ३११ येईपर्यंत सहाएक मैल नुसती चढउतार. फोटोत हा भाग कुणी दाखवत नाही, दम मात्र इथेच निघतो. मध्ये गुरांची कुरणं आहेत, तिथल्या ओढ्याचं पाणी भरू नकोस. सकाळीच तीन लिटर घेऊन निघ. ६२४ पासून डेलव्हिलजवळच्या २२० नंबरच्या रस्त्यापर्यंत मुक्काम फक्त नेमलेल्या जागीच करता येतो, त्यामुळे ‘अंधार पडला की कुठेही तंबू टाकू’ हे चालणार नाही. पहिली रात्र जॉन्स स्प्रिंग शेल्टरला (शेल्टर म्हणजे ट्रेलवरचा छपराचा निवारा), ३११ ओलांडल्यावर मैलभर पुढे. त्या दिवशी बारा-तेरा मैल होतात आणि ऑक्टोबरात सातच्या सुमारास काळोख होतो, तेव्हा उजाडताच निघ.

दुसऱ्या सकाळी तीनेक मैलांवर मॅकॅफी नॉब, उंची ३,१९७ फूट. बाहेर झेपावलेल्या त्या कड्यावर फोटोसाठी रांग लागते. कड्यावर जाण्याआधी सॅक मागे ठेव, आणि फोटो काढणाऱ्याने ‘जरा मागे सरक’ म्हटलं तरी मागे पाऊल टाकायचं नाही. वरच्या कातळात खोल भेगा आहेत, फोन खिशात चेन लावून ठेव. माथ्यावर पाणी नाही. पाऊण मैल पुढे कॅम्पबेल शेल्टरचा झरा आहे, तिथे सगळ्या बाटल्या भर, कारण टिंकर क्लिफ्स ओलांडून लॅम्बर्ट्स मेडोच्या ओढ्याला पोचेपर्यंत भरवशाचं पाणी नाही. पाणी कुठलंही असो, गाळूनच प्यायचं.

या पट्ट्यातली अस्वलं माणसाच्या खाण्याला सोकावलेली आहेत. टांगलेल्या पिशवीपेक्षा कडक डबा बरा. टूथपेस्ट, लिप बाम आणि तुझ्या चटणीची पुडीसुद्धा त्यातच, आणि डबा तंबूपासून लांब.

टिंकर क्लिफ्सवर वाट अर्धा मैल कड्याच्या काठाने जाते. धुकं असेल तर पुढचा पट्टा दिसल्याशिवाय मागचा सोडू नकोस. काठाकडे जाणाऱ्या पायवाटा वाट वाटतात, पण कड्यावर संपतात. दुसरा मुक्काम लॅम्बर्ट्स मेडोला.

रोज संध्याकाळी गोचिडी तपास: गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, केसांत. चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धर आणि पिळ न देता सरळ वर ओढ. तेल लावू नकोस, जाळूही नकोस. शिकारीचा हंगाम आहे, सॅकवर भडक नारिंगी कापड बांध. फोनला रेंज कधी असते कधी नसते, कागदी नकाशा घेच.

तिसऱ्या दिवशी डेलव्हिलपर्यंत नऊएक मैल. दुपारी तीनपर्यंत पोचशील असं मी धरते. गाडीपाशी आलीस की फोन कर. रात्री आठपर्यंत आला नाही तर मी ९११ या आणीबाणीच्या नंबरला कळवायला सांगेन, म्हणून मुक्कामांची यादी आणि गाडीचा नंबर तिथल्या एखाद्या मैत्रिणीकडे देऊन ठेव.

तुझी,
आई