कलम कोणते लावायचे? : केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : असहाय अवस्थेतील व्यक्तीची छायाचित्रे व चित्रफिती तिच्या संमतीविना पसरवण्याबाबत कायद्यात असलेली उणीव.

महोदय,

गेल्या वर्षी माझे ७६ वर्षांचे वडील बसची वाट पाहत असताना चक्कर येऊन रस्त्याच्या कडेला कोसळले. दोन अनोळखी तरुणांनी त्यांना सावलीत नेले, एकाने त्यांचे डोके मांडीवर घेतले, दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलावली, आणि तिसऱ्या कोणीतरी हे सगळे मोबाइलवर टिपले. मी रुग्णालयात पोहोचण्याआधीच ती चित्रफीत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येऊन थडकली होती. तीत वडिलांचा सदरा वर सरकलेला आहे, कपडे ओले झालेले आहेत, डोळे अर्धवट मिटलेले आहेत, आणि खाली कोणीतरी ओळ लिहिली आहे : ‘माणुसकी संपली’. मदत करणाऱ्या त्या दोघांचे चित्रफितीत फक्त हात दिसतात. ओळ लिहिणाऱ्याला तेवढे पुरेसे वाटले नसावे.

वडील बरे झाले. घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “हे कोणाकोणाकडे गेलं आहे?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चित्रफीत दोनदा पाहिली आणि विचारले, “तक्रार घेतो, पण कलम कोणतं लावू, तुम्हीच सांगा.” त्यांच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती, त्यांना खरोखरच कलम सापडत नव्हते. घरी येऊन मी कायद्याची पुस्तके धुंडाळली, ओळखीच्या वकिलांना विचारले, आणि मलाही ते सापडले नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

प्रथम, कायद्यात जे आहे त्याविषयी. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४ क घालण्यात आले, आणि १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. स्त्रीला तिच्या खासगी क्रियेच्या वेळी चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा तेथे गुन्हा आहे; मात्र ‘खासगी क्रिया’ म्हणजे काय, हे ठरवताना कायदा उघडे किंवा केवळ अंतर्वस्त्रांनी झाकलेले अवयव, शौचालयाचा वापर आणि लैंगिक क्रिया यांपलीकडे जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, पण तेही शरीराच्या खासगी भागांच्या चित्रांपुरतेच आहे. दोन्ही कलमे अत्यंत गरजेची आहेत. परंतु दोहोंच्या हाती माप एकच आहे, ते म्हणजे कपडा कोठवर होता. चित्रातला माणूस किती असहाय होता, नको म्हणण्याइतकी शुद्ध तरी त्याला होती का, हे मोजण्याचे साधन आपल्या फौजदारी कायद्याकडे नाही. माझ्या वडिलांच्या अंगावर कपडे होते, एवढ्यावर प्रकरण संपले.

कलम ६६ ई मध्ये एक शब्दप्रयोग असा आहे की ज्याच्याकडे, माझ्या मते, पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी आहे की खासगी, याने फरक पडत नाही, असे ते कलम स्पष्ट म्हणते. म्हणजे माणूस रस्त्यावर आला की त्याचा खासगीपणा उंबऱ्याच्या आतच राहतो, ही समजूत संसदेने २००८ सालच्या दुरुस्तीतच सोडून दिली होती. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, आणि खासगीपणा जागेला चिकटलेला नसून व्यक्तीला चिकटलेला असतो, केवळ सार्वजनिक ठिकाणी असल्यामुळे तो नाहीसा होत नाही, हेही त्या निकालात आले. तत्त्व मान्य झाले त्याला इतकी वर्षे झाली, तरी पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

ज्या कायद्याकडून अपेक्षा होती तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ओळखू येणारा चेहरा हा वैयक्तिक डेटा आहे, यात शंका नाही. परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे, आणि बसथांब्यावर चित्रण करून मित्रांना पाठवणारा माणूस नेमका याच दारातून बाहेर पडेल. शिवाय या कायद्यातील दंड सरकारच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे चित्र पसरले त्याला काहीही मिळत नाही, आणि नुकसानभरपाईची वाट दाखवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ अ याच कायद्याने वगळण्याचे ठरवले आहे. कंपन्यांसाठी ₹२५० कोटींपर्यंतच्या दंडाची तरतूद करणारा कायदा रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या कामी येत नाही, हे आपल्या नजरेस आणणे मला भाग आहे.

चित्रावर मालकी कोणाची, हा प्रश्नही येथे येतो. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा; म्हणून वडिलांच्या त्या अवस्थेच्या चित्रणाचा कायदेशीर धनी तो अनोळखी इसम आहे, वडील नव्हेत. दुसरीकडे, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली अमिताभ बच्चन यांच्या आणि २०२३ साली अनिल कपूर यांच्या नावाचा, आवाजाचा व प्रतिमेचा विनापरवाना वापर थांबवण्याचे अंतरिम आदेश दिले. त्या आदेशांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु ज्या चेहऱ्याला बाजारात किंमत आहे त्याचे रक्षण करण्याची वाट न्यायालयांना सापडते आणि ज्या चेहऱ्याला ती नाही तो कोणाच्याही मोबाइलमध्ये कायमचा राहू शकतो, ही स्थिती मला विचित्र वाटते.

महोदय, हे लिहिणारा मनुष्य कॅमेऱ्याचा शत्रू नाही. गेली २० वर्षे मी हौसेने रस्त्यावरची छायाचित्रे काढतो. गर्दीत प्रत्येकाची परवानगी घेऊन चित्रण करता येत नाही, आणि तशी सक्ती झाली तर आपल्या काळाचा चित्ररूप पुरावाच उरणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नव्या कायद्याची मागणी करताना मला धास्तीही वाटते, कारण ‘छायाचित्रणास मनाई’ ही पाटी आपल्याकडे फार सहज लागते आणि ती लावणाऱ्याला क्वचितच कोणी कारण विचारतो.

या पेचातून निघण्याचा एक मार्ग फार पूर्वी सापडलेला आहे. ३० जुलै १८९८ रोजी जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क मरण पावले, तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्यांच्या मृत्यूच्या खोलीत शिरले आणि त्यांनी मृतदेहाचे चित्र घेतले. स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा हक्क असतो, असे सांगणारा कायदा तेव्हा तेथे नव्हता. न्यायालयाला घरातील बेकायदा प्रवेशाचा आधार घेऊन ती चित्रे नष्ट करण्याचा आदेश द्यावा लागला. त्या प्रकरणावर झालेल्या चर्चेतून १९०७ साली जो कायदा आला त्यात एक साधा भेद केलेला आहे. त्या कायद्याची अट चित्र काढण्याला नाही, ते पसरवण्याला आणि जाहीरपणे दाखवण्याला आहे, आणि त्यासाठी चित्रातील व्यक्तीची संमती लागते. व्यक्ती मृत झाल्यास पुढील दहा वर्षे तिच्या आप्तांची. या नियमाला अपवादही तेथेच दिलेले आहेत : समकालीन इतिहासातील व्यक्ती व घटना, एखाद्या स्थळाच्या चित्रात सहज आलेली माणसे, सभा आणि मिरवणुका, तसेच कलेच्या हेतूने केलेली चित्रे. माझ्यासारख्या हौशी छायाचित्रकाराची जवळजवळ सगळी छायाचित्रे या अपवादांत बसतात. माझ्या वडिलांची चित्रफीत मात्र एकाही अपवादात बसत नाही.

जर्मनीनेच २०१५ साली आपल्या दंड संहितेत आणखी एक पाऊल टाकले, आणि एखाद्याची असहायता उघडी पाडणारे चित्र विनाअधिकार घेणे व पसरवणे हाही गुन्हा ठरवला. २०२१ पासून मृत व्यक्तीचे विटंबनाकारक चित्रणही त्यात आले. असहायता हा शब्द मला येथे महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या कायद्यात नसलेले माप नेमके हेच आहे. अपघातात जखमी झालेला, झटका येऊन पडलेला, अतिदक्षता विभागात नळ्या लावलेला, नशेत शुद्ध हरपलेला, प्रेतापाशी आक्रोश करणारा मनुष्य कॅमेऱ्याकडे पाठ फिरवण्याच्या स्थितीत नसतो. मृतांबाबत तर आपल्याकडे स्थिती अधिकच अवघड आहे, कारण खासगीपणाचा अधिकार व्यक्तीबरोबर संपतो आणि वारसांकडे जात नाही, असे मत उच्च न्यायालयांनी दिलेले आहे.

असे माप आपल्या कायद्याला अगदीच परके आहे, असे नाही. बालकांची ओळख उघड करण्यास मनाई करणारे बाल न्याय कायद्याचे कलम ७४ व मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख झाकणारे न्याय संहितेचे कलम ७२ यांचा पाया हाच आहे की काही परिस्थितींत माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही, म्हणून समाजाने नजर वळवली पाहिजे. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करू नये, हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांतही आहे, पण ते बंधन फक्त डॉक्टरांवर. वॉर्डात मोबाइल घेऊन फिरणाऱ्यावर नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ घालून अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला आपण संरक्षण दिले. मदत करणाऱ्याचा विचार झाला, आता ज्याला मदत हवी आहे त्याचाही व्हावा.

आता ज्या धास्तीचा वर उल्लेख केला तिच्याविषयी. कर्तव्यावर असलेला लोकसेवक आणि रस्त्यावर पडलेला म्हातारा माणूस यांना एकाच ‘खासगीपणा’च्या छत्रीखाली उभे करणे म्हणजे हा अधिकार उलटा करणे होय. लाठी चालवणारा, पैसे मागणारा किंवा पंचनाम्यात खाडाखोड करणारा हात चित्रित झाला म्हणून कोणावर ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्याचा गुन्हा दाखल होता कामा नये. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायदा, १९२३ मधील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, त्यामुळे तेथे केलेले चित्रण त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. डिसेंबर २०२० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने जपून ठेवण्यास सांगितले. तेव्हा नवी तरतूद करताना अधिकार गाजवणाऱ्याचे चित्रण आणि असहाय माणसाचे चित्रण यांत ठळक रेघ ओढावी, आणि ती कायद्याच्या मजकुरातच असावी. परिपत्रकावर सोडू नये. पत्रकारितेसाठीचा अपवादही मजकुरातच हवा. डेटा संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यातून तो गेला, आणि का गेला हे समजू शकलेले नाही.

माझी विनंती थोडक्यात अशी आहे. असहाय अवस्थेतील ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र संमतीविना पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा मानावा. त्याची शिक्षा अतोनात नसावी, कारण पुढे पाठवणाऱ्या हजारोंना तुरुंगात टाकणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. पहिल्या वेळी दंड आणि चित्र काढून टाकण्याची सक्ती एवढे बहुधा पुरेल. दंडाची रक्कम पीडिताला मिळावी. समाजमाध्यमांच्या मध्यस्थांसाठी, म्हणजे ती चालवणाऱ्या कंपन्यांसाठी, २०२१ च्या नियमांनी नग्नतेच्या चित्रांबाबत तक्रारीनंतर २४ तासांत कारवाईची जी अट घातली, तशीच अट या चित्रांनाही लागू करावी. ज्याने काढले त्याच्यापेक्षा ज्याने थांबवता येत असूनही थांबवले नाही, त्याची जबाबदारी मला अधिक वाटते.

माझ्या वडिलांची चित्रफीत अधूनमधून परत येते. मागच्या महिन्यात ती वेगळ्याच शहराचे नाव लावून आली आणि खालच्या ओळीत ते दारूच्या नशेत पडल्याचे लिहिले होते. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. ही नवी चित्रफीत घेऊन मी पुन्हा त्याच पोलीस ठाण्यात जाणार आहे, आणि तेथे मला पुन्हा तोच प्रश्न विचारला जाणार आहे. त्याचे उत्तर आपल्या मंत्रालयाकडून लेखी मिळाल्यास मी ते सोबत नेईन.

आपला,
एक नागरिक व हौशी छायाचित्रकार